एल्सिडच्या ‘एका दिवसातील श्रीमंती’बाबत खुलासा
एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सच्या ३.५३ रुपयांच्या शेअरमध्ये लाखभर रुपये घालणारा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी एका दिवसात कोट्यधीश झाला, असा संदेश मुंबईतील गुंतवणूकदारांमध्ये फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे. एशियन पेंट्सचे मोठ्या मूल्याचे शेअर बाळगणाऱ्या या कंपनीचा शेअर त्या भावाला विकायला जवळजवळ कोणी तयारच नव्हते. म्हणून शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या जून २०२४च्या परिपत्रकानुसार मुंबई शेअर बाजाराने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी किंमतपट्ट्याविना, म्हणजे भावाच्या चढउताराला मर्यादा न ठेवता, विशेष लिलाव घेतला आणि भाव २,३६,२५० रुपये ठरला. (तीन रुपयांना खरोखर मिळत असता, तर दलाल स्ट्रीटवरच्या मंडळींनी तो इतरांसाठी ठेवला असता का?) हा भावही पुस्तकी मूल्याहून (मालमत्तेतून देणी वजा करून दर शेअरमागे उरणाऱ्या रकमेहून) बराच कमी होता, कारण कंपनीने स्वतःकडचे एशियन पेंट्सचे शेअर विकून पैसे वाटले नाहीत तर भागधारकाच्या हाती येतो तो केवळ लाभांश.