दहा मिनिटांत रोडमॅप होतो म्हणे, शीट वाचली का पण कोणी?

परवा रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज, "ताई, तुझी नोकरी गेली बघ", आणि खाली ती पोस्ट. तीच ती, हल्ली सगळीकडे फिरतेय. कस्टमर फीडबॅकची अख्खी शीट एआयमध्ये पेस्ट करा, हे पाच प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायच्या सूचना, एकामागून एक टाका, दहा मिनिटांत सहा महिन्यांचा प्रॉडक्ट रोडमॅप, म्हणजे पुढे काय आणि कोणत्या क्रमाने बनवायचं त्याचा आराखडा, हातात, माझ्यासारखा प्रॉडक्ट मॅनेजर नको की कस्टमरला फोन करणं नको. एरवी मी असलं काही वाचून सोडून देते. पण या पठ्ठ्याने नुसतं फॉरवर्ड केलं नव्हतं, स्वतःच्या अ‍ॅपवर करून बसला होता आणि सोमवारपासून त्याचा एकुलता एक डेव्हलपर त्या यादीप्रमाणे कामाला लागणार होता. म्हणून आता लिहावंच लागतंय.

अ‍ॅप छोटंसं आहे, रोजच्या खर्चाच्या नोंदी ठेवायचं. शीटमध्ये चारेकशे ओळी, त्यात स्टोअरवरचे रिव्ह्यू, ईमेल, सपोर्टचे चॅट, सगळं एकत्र ओतलेलं.

प्रॉम्प्ट एक: "तू वीस वर्षांचा अनुभव असलेला प्रॉडक्ट मॅनेजर आहेस." यावर काय बोलायचं. याने उत्तराचा सूर बदलतो, भारदस्त वाटतं. तुमच्या अ‍ॅपबद्दल त्याला काल जे माहीत नव्हतं ते आजही माहीत नाही. पुढे.

प्रॉम्प्ट दोन: "सगळा फीडबॅक वाचून टॉप दहा तक्रारी काढ." भावाला मिळालेल्या यादीत पहिल्या नंबरवर डार्क मोड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीचा स्क्रीन, शेजारी लिहिलंय "अनेक युजर्सची सातत्याने मागणी". मी शीट उघडून सेंडरच्या कॉलमवर सॉर्ट मारला. अनेक युजर्स कसले, एकच बाबा होता, चौदा मेल टाकलेत त्याने, शेवटचे तीन तर अक्षरशः कॉपी-पेस्ट. सातत्याने मागणी होती हे मात्र खरं.

आणि खाली, यादीच्या तळाशी "इतर किरकोळ" नावाचं एक गाठोडं होतं. त्यात काय काय कोंबलंय म्हणून बघितलं तर आयकॉनचा रंग, नोटिफिकेशनचा आवाज, आणि त्यांच्या मधोमध "बॅकअप रिस्टोअर करताना नोंदी न दिसणे (२ युजर्स)". मूळ ओळ शोधली. एका बाईंनी लिहिलं होतं, "नवीन फोनवर रिस्टोअर केलं आणि मार्चपासूनचा सगळा हिशोब गेला, आता मी काय करू?" हे किरकोळ? खर्चाच्या नोंदी ठेवायचं अ‍ॅप नोंदीच खाऊन टाकतंय आणि ते आयकॉनच्या रंगाशेजारी बसलंय! दोनच जणांनी सांगितलं म्हणून खाली गेलं. बाकी ज्यांचा डेटा गेला ते मेल लिहीत बसतात का, अ‍ॅप काढून टाकतात आणि मोकळे होतात. किती जणांनी सांगितलं आणि किती गंभीर आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या धंद्यातलं बालवाडीचं ज्ञान आहे, आणि पोस्टमध्ये त्याचा एक शब्द नाही.

बरं, "किती जणांनी" तरी नीट मोजलंय का, तर तेही नाही. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द काय येईल त्याचा अंदाज बांधत जातं, ओळींवर बोट ठेवून मोजत नाही. कोड चालवून मोज म्हणून सांगितलं तर गोष्ट वेगळी, पण तसं सांगा हे पोस्टवाल्याला कुठे सुचलंय. शिवाय लांबलचक मजकूर दिला की सुरुवातीचं आणि शेवटचं नीट वापरलं जातं आणि मधलं निसटतं, हे नेल्सन लियू आणि इतर संशोधक मंडळींनी २०२३ मध्येच दाखवलंय. उत्तर असलेला उतारा ढिगाच्या मधोमध ठेवल्यावर जीपीटी ३.५ या तेव्हाच्या मॉडेलची कामगिरी काही वेळा एकही उतारा न देता विचारल्यापेक्षाही खाली गेली होती. आताची मॉडेल्स त्यापेक्षा बरी आहेत, मान्य, पण म्हणून चारशे ओळी ओतून डोळे मिटायचे?

आता प्रॉम्प्ट तीन, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. "प्रत्येक फीचरला राइस स्कोअर देऊन प्राधान्यक्रम लाव." राइस म्हणजे रीच, इम्पॅक्ट आणि कॉन्फिडन्स यांचा गुणाकार भागिले एफर्ट. भावाचा टेबल आला: डार्क मोड, रीच ८, इम्पॅक्ट ९, कॉन्फिडन्स ९० टक्के, एफर्ट ३, स्कोअर २१.६. तो पॉइंट सहा बघूनच माणूस गार होतो, वाटतं कोणीतरी बसून हिशोब केलाय.

राइस ही इंटरकॉम कंपनीत शॉन मॅकब्राइड यांनी मांडलेली पद्धत आहे, आणि ती कशी वापरायची हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. रीच म्हणजे ठरलेल्या काळात, समजा एका तिमाहीत, किती माणसांना याचा फरक पडेल तो आकडा, आणि तो शक्यतो प्रॉडक्टच्या खऱ्या मोजमापातून घ्यायचा. दहापैकी मार्क नाहीत ते! इम्पॅक्ट म्हणजे प्रत्येक माणसाला किती फरक पडेल, त्याला ३, २, १, ०.५ आणि ०.२५ एवढेच पर्याय, तिथे ९ आला कुठून? कॉन्फिडन्स म्हणजे या अंदाजांची आपल्याला किती खात्री आहे, तो १००, ८० किंवा ५० टक्के, त्याच्या खाली असेल तर तो हवेतला बाण. एफर्ट म्हणजे किती माणूस-महिने लागतील, जे तुमच्या डेव्हलपरला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणजे चारपैकी एकही आकडा त्या शीटमध्ये नव्हता, असणं शक्यच नव्हतं. रीच अ‍ॅपच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये आहे, एफर्ट डेव्हलपरच्या डोक्यात आहे आणि एआयकडे दोन्ही नाहीत, तरी त्याने चारही रकाने भरून दिले कारण भरून दे म्हणून सांगितलं होतं.

मी भावाला विचारलं, हे आठ म्हणजे आठ काय? आठ माणसं, आठ हजार, आठ टक्के? तो म्हणाला थांब, एआयलाच विचारतो. आणि एआयने त्या आठचं इतकं सुंदर स्पष्टीकरण दिलं की भाऊ मलाच म्हणायला लागला, बघ पटतंय ना. म्हटलं ठीक आहे, आता नवीन चॅट उघड, तीच शीट, तोच प्रॉम्प्ट. या वेळी डार्क मोडचा इम्पॅक्ट ५, स्कोअर १२, आणि पठ्ठ्या पहिल्यावरून चौथ्या नंबरवर. पहिल्यावर आता व्हॉइस एंट्री. पाच मिनिटांत कस्टमर बदलले का? तो गप्प.

प्रॉम्प्ट चार, आठवड्यागणिक प्लॅन. त्यात "बॅकएंड टीम" आणि "डिझाइन टीम" कामं वाटून घेतायत. टीम म्हणजे तो आणि डेव्हलपर, झालं.

प्रॉम्प्ट पाच, एआयलाच कस्टमर बनवून त्याची मुलाखत घ्या. म्हणजे प्रश्न आपला, उत्तरही आपल्याला आवडेल असंच, आणि वर "युजर रिसर्च केला" म्हणून सांगायला मोकळे. या नकली कस्टमरने डोळे दुखतात म्हणून अ‍ॅप कमी वापरतो असं सांगितलं होतं आणि ते वाक्य प्लॅनमध्ये अवतरणचिन्हांत "युजर म्हणतो" म्हणून आलं होतं. शीटमध्ये सर्च मारला, असं कोणीच लिहिलेलं नाही.

पोस्टच्या शेवटी हेन्री फोर्डचं ते घोड्याचं वाक्यही आहे, लोकांना विचारलं असतं तर वेगवान घोडे मागितले असते वगैरे. फोर्ड असं बोलल्याचा पुरावा कोणाला सापडलेला नाही ते सोडा, पण लोकांचं ऐकून रोडमॅप बनवा सांगणाऱ्या पोस्टखाली लोकांना विचारू नका सांगणारं वाक्य? स्वतःची पोस्ट तरी वाचायची होती.

एक गोष्ट कबूल करते, नाइलाजाने. फीडबॅकच्या शीट वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही हे पोस्टवाल्याचं म्हणणं खरं आहे, आमच्याकडेही तेच आहे. आणि पहिली चाळणी मारायला मी स्वतः एआय वापरते. पन्नास-पन्नास ओळी द्यायच्या, प्रत्येक ओळीला टॅग लावायला सांगायचं, टॅगसोबत ओळीचा नंबर हवाच, जे बसत नाही त्याला "बसत नाही" असंच लिही म्हणायचं, आणि पैसा, डेटा, लॉगिन यातलं काहीही असलं तर एकच माणूस बोलला असला तरी वेगळं काढायचं. मोजणी शीटमध्ये, एका सेंडरला एकदाच धरून. पेस्ट करायच्या आधी लोकांची नावं, फोन नंबर काढून टाकायचे, भावाने ते पण काढले नव्हते. यातून रोडमॅप तयार होत नाही, आज आधी काय वाचायचं आणि कोणाला फोन करायचा एवढं कळतं.

भावाने काल त्या नोंदी गेलेल्या दोघांना फोन केला. एकाने उचलला नाही. बाई बोलल्या वीस मिनिटं. जुना फोन त्यांनी मुलाला दिला होता, त्यावर अ‍ॅप तसंच होतं आणि त्याचा रिकामा बॅकअप रोज रात्री यांच्या बॅकअपवर जाऊन बसत होता. डेव्हलपरने रात्रीच तो ऑटो बॅकअप बंद केला. डार्क मोडवाल्याचा पंधरावा मेल सकाळी आलाय.