डोंबिवलीचा धूर पाताळगंगेला

जर्मनीत डॉर्टमुंडला मी राहतो त्या ह्योर्डे भागात घरातून खाली उतरलं की फिनिक्स तलाव लागतो. 24 हेक्टर पाणी, शिडाच्या होड्या, काठाला महागडी घरं. 2001 पर्यंत इथे पोलादाचा कारखाना होता. बंद पडल्यावर एका चिनी कंपनीने तो विकत घेतला. सुमारे हजार चिनी कामगार आले, त्यांनी सगळं सुटं केलं, जहाजात भरलं आणि यांगत्सेच्या मुखाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. 2010 मध्ये इथल्या खड्ड्यात पाणी सोडलं. शेजारचे आजोबा सांगतात, पूर्वी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळे निघायचे.

मी मूळचा डोंबिवलीचा, त्यामुळे काळ्या कपड्यांचं मला फारसं कौतुक नाही. आमच्याकडे 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. 2016 मध्ये एमआयडीसीतल्या कंपनीत स्फोट झाला, मग 23 मे 2024 ला पुन्हा. बाबांच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हापासून एकच मागणी: कंपन्या हलवा. सरकारने तर 2022 मध्येच दीडशेच्या वर धोकादायक कारखाने पाताळगंगेला, म्हणजे रायगडमधल्या रसायनीजवळच्या एमआयडीसीत न्यायचं ठरवलं होतं.

बाबांच्या खिडकीच्या काचा फुटल्यात, त्यांचा राग समजतो. पण 'जर्मनांनी बघ कसा कारखाना घालवला' असं ते म्हणतात, तिथे मी अडतो. ह्योर्डेचा कारखाना प्रदूषणाच्या नियमांनी घालवलाच नाही. दोन मोठ्या पोलाद कंपन्या एक झाल्या आणि काम ड्युसबुर्गला एकवटलं. ड्युसबुर्ग रेल्वेने पाऊण तासावर आहे. नियम तेच, भट्ट्या अजून चालू. रूरवरचं, म्हणजे आमच्या या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यावरचं आकाश पुन्हा निळं व्हायला हवं, असं पुढे चॅन्सेलर झालेले विली ब्रांट 1961 च्या निवडणूक प्रचारात म्हणाले. पुढे धुराड्यांना गाळण्या लागल्या, धूर जागच्या जागी अडवला गेला. कारखाना आणि वस्ती यांत किती अंतर हवं याचा इथल्या राज्यात तक्ताच आहे, 100 मीटरपासून 1500 पर्यंत.

डोंबिवलीची एमआयडीसी 1964 ची. कंपन्या आधी आल्या, इमारती नंतर. मधली मोकळी जागा इमारतींनी खाल्ली. परवानग्या कोणी दिल्या, असं मी ग्रुपवर विचारलं तर दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. (आमची सोसायटीही त्यातलीच.)

कंपनी हलली की शहरातली जमीन सोन्याची होते आणि जुनी यंत्रं नव्या पत्त्यावर चालू होतात. इटलीत विचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्याच्या रसायनांनी साडेतीन लाख लोकांच्या भागातलं भूजल नासलं. 2018 मध्ये कंपनी बुडाली, 2025 मध्ये 11 जणांना शिक्षा झाली. तोवर तिथली यंत्रं आपल्या कोकणातल्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत पोचली होती. यंत्रं आली, त्यांच्यावरचे नियम तिकडेच राहिले. म्हणून पाताळगंगेचा परवाना देताना जुनी यंत्रं चालणार नाहीत, सांडपाणी कंपनीच्या आवारातच शुद्ध झालं पाहिजे, एवढं तरी लिहून घ्यावं. ते शक्य असेल तर मग डोंबिवलीतही शक्य आहे, हे अर्थात ग्रुपवर लिहायची माझी हिंमत नाही.

माझी मावशी मोहोपाड्याला राहते, रसायनीजवळ. तिला फोनवर विचारलं, डोंबिवलीच्या कंपन्या तुमच्याकडे येणार, माहितीये का?

"आम्हाला कोण विचारतंय रे," ती म्हणाली. "भाओजींना विचार, कंपन्यांबरोबर तुमच्याकडचे टीव्हीवालेपण पाठवताय का?"