त्याला बसायला सांगू नका

नाटकात माणसं तीन: आई, मुलगी आणि लग्नाशिवाय मुलीसोबत राहणारा तो. तीनच नाइटा, म्हणजे नटांचं प्रयोगागणिक मानधन, द्यायच्या, सेट एक, बसच्या टपावर सगळं मावतं. निर्माता नाही म्हणणारच नाही.

मधोमध तिघांचा सोफा ठेवा, तोंड थेट प्रेक्षकांकडे. त्यावर मायलेकीच बसतील. त्याला बसवलंत तर तो बोलू लागेल. मागे दोन पायऱ्यांची लेव्हल घ्या आणि वर बेडरूमचं दार. ते उघडायचं नाही, आपलं नाटक धाडसी आहे. आपटायचं ते बाहेरचं दार. त्या फ्लॅटला, म्हणजे दाराच्या खोट्या भिंतीला, मागून टेकू घट्ट हवा, नाहीतर मुलीच्या रागासरशी भिंत डुलेल आणि प्रयोगातला सर्वात मोठा हशा तिथेच वसूल होईल.

आईच्या भूमिकेला नावाजलेली नटी घ्या. एंट्रीला टाळी पडेल, तोवर तिला उशा नीट करू द्या. पहिलं वाक्य टाळ्यांत बुडालं की कथानकच कळत नाही. (फारसं बिघडत नाही म्हणा.)

चहा त्यानेच आणायचा. पुरोगामीपणाचा तेवढा पुरावा पुरतो. कपांत अर्धं तरी कोमट पाणी घाला, रिकामा कप हातात हलका दिसतो आणि पहिल्या रांगेला लगेच कळतं. मिठीच्या वेळी मुलीचं डोकं आईच्या मोकळ्या खांद्यावर जायला हवं. कॉलर माईकवर गेलं तर मातृप्रेमाऐवजी खरखर ऐकू येते.

पहिला अंक "आई, मी..." वर तोडा आणि ब्लॅकआऊट. उरलेलं वाक्य लोक बटाटावड्यासोबत पूर्ण करतात. पायऱ्यांच्या कडेला रेडियमची पट्टी मात्र लावा. अंधारात ठेचकाळलेली मुलगी दुसऱ्या अंकात लंगडत आली, की लेखकाने न लिहिलेला अपघात प्रेक्षक गृहीत धरतात.

दुसऱ्या अंकात आईचं स्वगत. एक स्पॉट, मागे बासरी. बाकी दोघं स्तब्ध, त्याच्या हातात ट्रे. ट्रे रिकामा द्या, भरलेल्या कपांचा थरथराट शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, पण धास्ती नको. या संहितेत कापण्याजोगं काही उरलेलंच नसतं.

शेवटी आई लग्नाला होकार देते. लग्न करायचंय का, हे त्या दोघांना विचारत बसू नका. नाट्यगृहाचं सत्र संपत आलेलं असतं आणि रात्रीच्या प्रयोगाचा टेम्पो मागच्या दाराशी हॉर्न वाजवत असतो.