घूमजाव नक्की कशाला म्हणायचं?

टीव्हीवर कुणी आधीपेक्षा जरा वेगळं बोललं की खालची पट्टी ठरलेली, 'अमुक नेत्याचं घूमजाव'. जाम वैताग येतो. अरे प्रत्येक वळण म्हणजे घूमजाव नसतं!

मराठीत वळणं किती कामाचं आहे बघा, लाडू वळतो, वाती वळतो, गुरं वळतो, घाबरलं की बोबडी वळते, पोराला चांगलं वळण लागलं म्हणून कौतुक करतो. कुणाचं मन वळवलं तर वळवणारा हुशार. पण ज्याचं मन वळलं तो चारचौघांत तसं बोलला की पलटी मारली, कोलांटउडी मारली, शब्द फिरवला. मग वळवायला गेलात कशाला?

माझ्या मते आधी काय बोललो ते कबूल करून 'आता ह्या कारणाने असं वाटतं' सांगितलं तर ते मत बदलणं. 'मी असं बोललोच नव्हतो, विपर्यास केला' हे घूमजाव. आणि लोक अंगावर आले म्हणून मागे सरकलात तर ती माघार.

पहिलीपासूनच्या हिंदीचं घ्या ना. राज्य सरकारच्या १६ एप्रिल २०२५ च्या जीआरमध्ये सक्ती होती. १७ जूनच्या जीआरमध्ये सक्ती गेली आणि 'सर्वसाधारणपणे' आलं, म्हणजे हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर वर्गातली किमान २० पोरं पाहिजेत. ह्याला मी वळसा म्हणेन, रस्ता बदलला पण पोचायचं तिथेच. मग ह्याविरोधात ५ जुलैचा मोर्चा जाहीर झाला आणि २९ जूनला दोन्ही जीआर रद्द, ही सरळ माघार. पण ह्यालाही घूमजावच म्हटलं गेलं, जो शब्द मुळात हिंदीतल्या 'घूम जाओ'वरून आलाय, आता हसायचं की काय करायचं सांगा.

नेत्यांचं सोडा, आमच्या सोसायटीतही तेच. रिडेव्हलपमेंटला कायम विरोध करणारे एक काका आहेत, अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट घेऊन बसायचे, पानापानावर पेन्सिलच्या खुणा, कार्पेट एरिया किती, भाडं थकलं तर काय, बिल्डर अर्ध्यात पळाला तर काय. मागच्या मीटिंगला उभे राहिले आणि म्हणाले, माझा विरोध बँक गॅरंटी नव्हती म्हणून होता, आता ती आली, माझा होकार लिहून घ्या. एवढं स्वच्छ! तरी रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू, 'काकांनी पलटी मारली', 'बिल्डरने वळवलं वाटतं'.

काकांनी सकाळी एकच मेसेज टाकला : 'वळवलंच. बँक गॅरंटी घेऊन वळलो, तुम्ही तर ब्रोशरवरच वळला होता.'