अलिबागचं सिनेगॉग आणि हिटलरची गोष्ट

अलिबागच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, फोटोखाली एक मजकूर हमखास फिरतो: हिटलरच्या छळातून पळालेले ज्यू इथे आले, ससून शेठच्या पैशांतून हे मंदिर उभं राहिलं, १९४८ मध्ये इस्राएल झाल्यावर सगळे निघून गेले, आता वास्तू ओस आहे. यातलं जवळपास काहीच खरं नाही.

हिटलर सत्तेवर आला १९३३ मध्ये. अलिबागचं हे मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं आहे, १९१० मध्ये ते नव्यानं बांधलं गेलं. युरोपातले निर्वासित ज्यू मुंबईत आले होते, पण अलिबागच्या इस्राएल आळीतली माणसं ती नव्हेत. हे बेने इस्राएल नावाच्या ज्यू समाजाचे लोक, अस्सल कोकणातले. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं त्यांची परंपरा सांगते. ते कधी घडलं यावर अभ्यासकांत वाद आहे. पण इंग्रजी अंमलाच्या कितीतरी आधीपासून हे लोक इथे तेलाचे घाणे चालवत होते. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं.

ससूनचं नाव पुण्यावरून चिकटलं असावं. तिथलं लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग डेव्हिड ससूनचं, १८६७ मध्ये पूर्ण झालेलं. पण ससून बगदादी ज्यू, १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेले. त्याआधीच, १७९६ मध्ये, कंपनीच्या पलटणीतल्या सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं होतं.

‘सगळे निघून गेले’ हे तर फारच ढोबळ. गावं आधी रिकामी झाली ती मुंबईच्या नोकऱ्यांमुळे. इस्राएलला जाणं पुढची काही दशकं टप्प्याटप्प्यानं चाललं आणि इथून त्यांना कुणी हाकललं नव्हतं. उलट तिकडे गेल्यावर लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच धर्मगुरूंनी शंका घेतली. त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये त्यांना पूर्ण बरोबरीचे ज्यू मानलं गेलं. ही वेदना त्या मजकुरात कुठेच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि वास्तू ओस नाही. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या पश्चिमेकडच्या कपाटात असतात, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. त्या दिशेला तोंड करून आजही प्रार्थना होते. नवस फेडताना एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतो: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. अलिबाग परिसरात राहणारी मोजकी कुटुंबं हे सगळं सांभाळून आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो इथे राहिलेल्या याच लोकांना.