मुलीला पाठवता, मुलाला कधी पाठवणार?

"सर, मुलीला स्वसंरक्षण शिकवायचंय. दिवस वाईट आलेत." नव्या बॅचच्या वेळी हे वाक्य ठरलेलं असतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी आली तेव्हा तर फोन थांबतच नव्हता. मी मुलीचं नाव लिहून घेतो आणि विचारतो, "घरात मुलगा आहे का? त्याला कधी पाठवताय?" आई-वडील हसतात. "त्याला काय धाड भरलीये!" किंवा मग थोडं कौतुकानंच, "त्याला कशाला? तोच चार जणांना लोळवून येईल."

मला काळजी वाटते ती या कौतुकाची.

मी ज्यूदो शिकवतो. पुण्याच्या एका उपनगरात, शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. मोठा प्रशिक्षक वगैरे नाही. पण रस्त्यावरची मारामारी आणि मॅटवरची कुस्ती यांतला फरक मला बऱ्यापैकी कळतो, आणि आपण पोरांना जे शिकवतोय ते नेमकं उलटं शिकवतोय असं माझं ठाम मत झालंय. पोस्ट लांबेल. वेळ नसेल तर रात्री वाचा.

आधी आकडे. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, अहवालानुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांतल्या ९,९६२ गुन्ह्यांमागचं कारण म्हणून 'वाद' लिहिलंय. वैयक्तिक वैर ३,७६१. पैशाच्या लोभापायी झालेले खून १,८८४. या वादांत जमिनीचे, घरातले, उसनवारीचेही आले हे खरं. तरी बघा, ज्या लुटारूच्या भीतीनं आपण दाराला दुसरी कडी लावतो त्याच्यापेक्षा ओळखीच्या किंवा नुकत्याच भेटलेल्या माणसाशी झालेला वाद पाचपट जास्त जीव घेतो. आणि मेलेल्यांत दहांतले सात पुरुष असतात. म्हणजे जीव जाण्याचा धोका घरातल्या मुलाला जास्त, आणि क्लासला येते मुलगी.

हा वाद कसा पेटतो ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. कट मारला, हॉर्न वाजवला, गाडी आडवी लावली, मिरवणुकीत धक्का लागला. नुसती खुन्नस दिली तरी पुरतं. "काय बघतोय?" "तू काय बघतोय?" गाडी स्टँडवर, छातीला छाती, मागे दोन्हीकडचे मित्र. "सोड मला, सोड!" असं ओरडणारा मनातून "अजिबात सोडू नका रे" म्हणत असतो, हे मी शपथेवर सांगतो. इथपर्यंत सगळं नाटकच असतं आणि दोघांनाही घरी जायचं असतं. पण समोर माणसं जमलेली असतात, कोणीतरी मोबाईल काढलेला असतो, आणि पहिल्यांदा मागे सरकेल त्याला उद्यापासून कट्ट्यावर काय ऐकावं लागेल हे दोघांनाही ठाऊक असतं. मग एक जण फोन लावतो, "पोरं घेऊन ये." नाटक तिथं संपतं.

म्हणून माझ्याकडे पंधरा-सोळा वर्षांची मुलं आली की फेकायच्या डावांआधी त्यांना एक वेगळाच सराव असतो. एकानं दुसऱ्याला तोंडाला येईल ते बोलायचं. दुसऱ्यानं दोन हात अंतर ठेवायचं, तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, आवाज खाली, आणि "चुकलं दादा, जाऊ दे" म्हणत तिरकं सरकून मॅटच्या बाहेर पडायचं. पाठ दाखवायची नाही. सोपं वाटतं ना? बापावर बोललेलं निभावतं. आईवरून शिवी आली की चांगली पट्टे मिळवलेली पोरं उसळतात. "सर, पण चूक त्याची होती!" होती ना. मग? त्याची चूक सिद्ध करायला आपण सिग्नलवर न्यायालय भरवणार आहोत का?

इथे कोणीतरी कमेंटमध्ये बांगड्या भरण्याविषयी लिहिणार, मला माहीत आहे. बांगड्या भरणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं त्यावर पुढे बोलतोच.

२०११ च्या ऑक्टोबरात मुंबईत, अंधेरीच्या अंबोली भागात, मित्रमैत्रिणींचा एक घोळका रात्री जेवून बाहेर थांबला होता. एकानं मुलींची छेड काढली. बरोबरच्या मुलानं त्याला अडवलं. तो माणूस धमकी देऊन निघून गेला आणि थोड्या वेळानं टोळी घेऊन परत आला, हत्यारांसकट. दोन तरुण मुलांचा जीव गेला, एकाचा त्याच रात्री, दुसऱ्याचा काही दिवसांनी दवाखान्यात. बघणारे पुष्कळ होते. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली.

त्या मुलांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही. मैत्रिणीची छेड काढणाऱ्याला अडवायलाच हवं होतं. पण मी ही घटना प्रत्येक बॅचला सांगतो ती एका गोष्टीसाठी. पहिली झटापट मिटली की आपल्याला वाटतं, जिंकलो. तो गेला. आता पान खाऊ, गप्पा मारू. जाणारा माणूस अपमान घेऊन जात असतो, आणि परत येताना तो एकटा येत नाही. म्हणून धमकी देऊन कोणी गेला की जागा सोडायची. लगेच. बिल राहिलं असेल तर नंतर देऊ, गाडी तिथंच राहिली तर राहू दे, रिक्षा करा. आणि निघतानाच ११२ ला फोन करा. फोन करणं म्हणजे तक्रारखोरपणा, ही शाळेतली समजूत मोठेपणीही आपल्याला सोडत नाही.

आता कायदा. पालकांना वाटतं, स्वसंरक्षणात सगळं माफ असतं. पोरांना वाटतं, काहीच माफ नसतं. दोन्ही खोटं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिची ३४ ते ४४ ही कलमं खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेत (आयपीसी) ती ९६ ते १०६ होती. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करायचा हक्क तुम्हाला आहे. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड टाकण्याचा प्रयत्न होत असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूनं उभा राहू शकतो. पळून जायलाच हवं होतं, असंही कायदा म्हणत नाही. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं नीट मांडलंय. जीव धोक्यात असलेल्या माणसानं प्रत्येक फटका सोनाराच्या काट्यावर तोलून मारावा अशी अपेक्षा नाही, पण हा हक्क बचावाचा आहे, सूड घ्यायचा नाही.

म्हणजे व्यवहारात काय? धोका संपला की हक्क संपला. तो खाली पडला, हातातला दांडा सुटला, आणि मग तुम्ही त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या, तर त्या लाथांपुरते आरोपी तुम्ही.

आणि याहून महत्त्वाचं, जे पोरांना कोणीच सांगत नाही. दोन्ही बाजू ठरवून, तयारीनं भिडल्या तर त्याला न्यायालयात 'फ्री फाइट' म्हणतात, आणि तिथे सहसा कोणालाच स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. "ये खाली, बघतो तुला" म्हटलं आणि तो खाली आला, की पहिला फटका कोणी मारला हा वाद वकिलांच्या फीपुरता उरतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं माझ्याकडे येतात, पहाटे पळतात, गोळाफेक करतात. त्यांना मी हे दरडावून सांगतो. गावाकडे मारहाण, शिवीगाळ आणि धमकीची आयपीसीची ३२३, ५०४, ५०६ ही कलमं पाढ्यासारखी पाठ असतात, आता त्यांचे नंबर ११५(२), ३५२ आणि ३५१ झालेत, एवढाच फरक. चारित्र्य पडताळणीत असा एखादा गुन्हा निघाला की कागद अडकतो, खुलासे द्यावे लागतात, आणि सुटका होईपर्यंत वय निघून जातं. समोरच्याचं नाक फुटलं त्याचा आनंद किती दिवस पुरतो?

आणि फटका नाकावरच थांबेल याची खात्री कोण देणार? ज्यूदोत आम्ही सगळ्यात आधी पडायला शिकवतो, उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीला, हात मॅटवर आपटायचा, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. रस्त्यावरच्या माणसाला उकेमी येत नसते. एका धक्क्यात तो मागे जातो आणि डोकं दुभाजकाच्या कडेवर आदळतं. मग "मारायचं नव्हतं हो" म्हणत सदोष मनुष्यवधाचा खटला वर्षानुवर्षं चालतो.

हत्याराबद्दल थोडक्यात. डिकीत कोयता ठेवून स्वसंरक्षण होत नसतं. नाकाबंदीत सापडलात तर शस्त्र अधिनियमाचं कलम ४ सह २५ लागतं, जमावबंदी असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७ सह १३५. आणि हत्यार जवळ असलेला माणूस भांडणातून मागे सरकत नाही, हा माझा अनुभव. मिरचीचा स्प्रे ठेवायला हरकत नाही, पण वाऱ्याच्या उलट मारला तर स्वतःच्याच डोळ्यांत जातो, आणि पर्सच्या तळाशी, रुमाल आणि बिलांच्या खाली असलेला स्प्रे कोणाच्याच डोळ्यांत जात नाही.

आता मुली.

मुलाला आपण शिकवलं की भांडण म्हणजे हल्ला, तुटून पड. मुलीला शिकवलं की हल्ला म्हणजे किरकोळ भांडण, "जाऊ दे, लक्ष देऊ नको, त्या रस्त्यानं जाऊ नको." दोघांना एकमेकांचा धडा दिलाय. बसमध्ये घाणेरडा स्पर्श करणाऱ्यासमोर गप्प बसायचं आणि ओव्हरटेक करणाऱ्याच्या मागे दोन किलोमीटर गाडी पळवायची.

वर्गात नवीन आलेल्या मुलींना मी हात-पाय नंतर चालवायला लावतो. आधी ओरडायला सांगतो. "मागे हो!" एवढंच. आवाज निघत नाही. हसू येतं, मान खाली जाते, काहींचे डोळे भरतात. घरात लहानपणापासून "मुलीच्या जातीनं हळू बोलावं" ऐकलेला गळा असा एका दिवसात उघडत नाही. दोन-तीन आठवड्यांनी जेव्हा हॉलच्या बाहेरचा वॉचमन "काय झालं?" म्हणून धावत येतो, तेव्हा मी पुढचं शिकवायला घेतो.

बदलापूरच्या त्या मुली चार वर्षांच्या आसपासच्या होत्या. त्यांना कोणतं कराटे वाचवणार होतं? तरी त्या महिन्यात आमच्या भागात क्लासच्या जाहिरातींचे फ्लेक्स लागले. एनसीआरबीच्याच नोंदी दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, साहेब. तिथे लाथ मारण्याआधी हवी असते ती घरच्यांनी ऐकून घेण्याची खात्री. पाहुण्यांना पापी द्यायला मूल नको म्हणत असेल तर "अगं दे, काका आहेत ना" म्हणून ढकलणारे आपणच असतो. तिचा नकार आपणच मोडायचा आणि मग नकार द्यायला शिकवण्यासाठी मला फी द्यायची.

आणि प्रतिकार न करता आलेल्या बाईला आपण काय म्हणतो? मथुरा खटला जुन्या माणसांना आठवत असेल. १९७२, देसाईगंज, आजचा गडचिरोली जिल्हा. पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली होती, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, ती ओरडली नव्हती, हे तिच्याविरुद्ध गेलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी १९७९ मध्ये न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हे २०१३ पासून कायद्यात स्पष्ट लिहिलंय. भीतीनं शरीर लाकडासारखं होतं. माझ्या चांगल्या तयारीच्या विद्यार्थिनीचंही होऊ शकतं, माझंही. तेव्हा "एवढं ज्यूदो शिकलीस, मग मारलं का नाहीस?" हा प्रश्न कृपा करून कोणाला विचारू नका. तो प्रश्न विचारता यावा म्हणून मी क्लास चालवत नाही.

मग मार खायचा का, सर? नाही. वाट उरली नसेल, कोणी हात धरून ओढत असेल, तर पूर्ण ताकदीनं. मनगटाची पकड समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं सुटते, सरळ मागे ओढून नाही. मारायचं कोपरानं, गुडघ्यानं; नेम डोळ्यांवर, गळ्यावर. एक-दोन फटके, आणि मोकळं झालं की पळायचं, उजेडाकडे, दुकानाकडे, माणसांकडे. "वाचवा" असं हवेत ओरडण्यापेक्षा एकाला पकडून ओरडा, "ओ लाल शर्टवाले काका, इकडे या!" गर्दीतला कोणी आपणहून पुढे येईलच असं नाही, पण नाव घेतल्यासारखं झालं की तो एक जण हलतो, आणि त्याच्या मागे बाकीचे. फोनचं बटण कितीदा दाबल्यावर तातडीचा कॉल लागतो ते प्रत्येक फोनमध्ये वेगळं आहे, आज सेटिंगमध्ये बघून ठेवा.

मारहाण झालीच तर घरी जाऊन हळद लावत बसू नका. आधी पोलीस ठाणं गाठा, कारण समोरचा आधी पोचला तर फिर्यादी तो होतो आणि तुमची नुसती उलट तक्रार, म्हणजे क्रॉस केस. लागलं असेल, मुका मार असला तरी, सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची जखमांची वैद्यकीय नोंद, करून घ्या. तुम्ही किती मारलंत तेही लपवू नका, "मारलं, कारण त्यानं गळा धरला होता" हे पहिल्याच जबाबात आलं पाहिजे. सहा महिन्यांनी कोर्टात सुचलेलं स्वसंरक्षण फारसं टिकत नाही. अदखलपात्र म्हणून नुसती नोंद (एनसी) करून दिली तर तिचा नंबर आणि दवाखान्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. वकील पहिल्यांदा तेच मागतो.