सात वर्षांचा महाकवी

भाचीला कॉलेजात प्रोजेक्ट मिळाला, ‘गोव्यातील मुद्रणकला’. वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा घरात मी एकटाच, म्हणून ताईने फोंड्याहून फर्मान काढलं, “नेटवरचं काय खरं, काय खोटं, ते तू बघून दे तिला.” बघून द्यायला ती काय मासळी आहे, कल्ला उघडला की कळलं?

पहिल्याच ब्लॉगवर ठोकून दिलेलं: फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १५५६ साली जुन्या गोव्यात छापलं गेलं. वर सूर्यास्त, खाली कळंगुटला रूम बुक करायचं बटण. आता, १५५६ साली सेंट पॉल कॉलेजात छापखाना सुरू झाला हे खरं. भारतातला पहिलाच तो. पण स्टीफन्स जन्मला १५४९च्या सुमारास! म्हणजे दहा हजारांवर ओव्या या पोराने इंग्लंडात दुधाचे दात पडता पडता रचल्या म्हणायच्या. गोव्यात तो आला १५७९ला, आणि पुराण छापलं गेलं १६१६ला, रायतूरला.

हे मी बरंच रंगवून सांगितलं. भाचीने शांतपणे आणखी पाच-सहा पानं उघडली. सगळीकडे १५५६.

“एवढे सगळे चुकतील, मामा?”

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सगळीकडे ‘मुद्रण’चं ‘मुद्रन’ही झालेलं. साक्षीदार ढीगभर, ऐकलेलं एकाच्याच तोंडून. तारीख कुठेच नाही, लेखकाच्या जागी ‘ॲडमिन’.

“हा ॲडमिन कोण गो?”

“सगळीकडे तोच असतो.”

शेवटी एक पान सापडलं. हिरव्यावर पिवळी अक्षरं, वाचताना डोळ्यांना धारा. पण लिहिणाऱ्याने नाव दिलेलं, प्रत्येक सालापुढे ग्रंथ आणि पृष्ठ क्रमांक, आणि १६१६ची प्रत आज मिळत नाही हेही सांगितलेलं. पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन ताडून पाहावं असं पहिल्यांदाच काही हाती लागलं. तळाशी टीप होती: ‘आधी एक साल चुकलं होतं. वाचकाने दाखवलं, दुरुस्त केलं आहे.’

मी खूश होऊन म्हटलं, “हा घे!”

भाचीने टीप वाचली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मामा, हा स्वतःच सांगतोय चुकलो म्हणून. ॲडमिन बघा, एकदा तरी चुकलाय?”